आमच्या गाडीचं पासिंग

८ सप्टेंबर २००७, शनिवार

पासिंगची तारीख मिळाली — येता शनिवार, सकाळी!

दर वर्षी या दिवसांत माझं दहावीच्या मुलाच्या आईसारखं होतं. उगाचच. ही गाडी आजवर एकदाही नापास झालेली नाही. सव्वाशे सीसीची, हिरवी, पुढे भाजीची टोपली. पासिंगच्या रांगेत शेजारी ती मोठमोठी धुडं गुरगुरत असतात. कुणाला आवाजासाठी परत पाठवतात, कुणाला धुरासाठी. माझी आपली निमूट पुढे सरकते आणि पास होऊन येते. माझ्या स्वभावाच्या नेमकी उलट!

नरेश जेवताना म्हणाला, बघू यंदा काय होतंय. नवऱ्याची आशा काही सुटत नाही. आमचा करार जुना आहे — ज्या वर्षी गाडी नापास होईल, त्या वर्षी ती विकायची आणि मी एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, ऑफिसला जायचं. त्याच्या ऑफिसातला एक जण भर पावसात एक्स्प्रेसवेवर मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला, तेव्हापासून हे सुरू आहे. मी हसत हसत हो म्हटलं होतं. नापास होणारच नाही म्हटल्यावर हो म्हणायला काय जातं?

९ सप्टेंबर, रविवार

सकाळी विहारात गेलो. येताना लेकीला, जाईला, आणि मामाजींना बसमध्ये बसवलं आणि नरेश माझ्यामागे गाडीवर. दुचाकीच्या टू-बी लायसनच्या परीक्षेत तो दोनदा आपटला, मी पहिल्या फटक्यात पास. तेव्हापासून हँडल माझ्याकडे.

मामाजी म्हणजे नरेशचे वडील. जुलैमध्ये वर्ध्याहून आले. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या, आणि त्या घरात एकटे राहून ते अगदी वाळून गेले होते. दिवाळीचं परतीचं तिकीट आहे. पण माझ्या मनात ते वापरायचं नाही. नरेशच्याही मनात नसावं, पण तो असं काही तोंडानं बोलेल तर शपथ. बापलेक दोघेही एका साच्यातले. समोरासमोर बसतात आणि हवामानाबद्दल बोलतात. इथलं हवामान तर रोज तेच!

पहिल्यांदा मला नरेशला मागे बसवून निघताना पाहिलं तेव्हा मामाजी दुसरीकडे बघायला लागले होते. आज फोनवर वर्ध्याच्या मित्राला सांगत होते, इथं आमची सून चालवते अन् पोरगा मागं बसते. आवाजात काय ऐट!

११ सप्टेंबर, मंगळवार

वाईट दिवस. मामाजींनी दूध तापवायला स्टीलचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. ठिणग्या, धूर, जाईची किंकाळी. मायक्रोवेव्ह गेला तर गेला, पण नरेश फार बोलला. इतकं बोलायला नको होतं. मामाजी कॉरिडॉरमध्ये जाऊन कठड्याशी उभे राहिले आणि जेवले नाहीत.

नंतर नरेश स्वयंपाकघरात मला म्हणाला, "बाबांचं इथे कसं जमणार? उद्या घर पेटवतील." मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. खिडकी उघडी होती. कॉरिडॉर तिच्यापासून दोन हातांवर.

१३ सप्टेंबर, गुरुवार

मामाजींना काम सापडलं! काल सकाळपासून बादली आणि फडकं घेऊन ते खाली पार्किंगमध्ये जातात आणि माझी गाडी पुसतात. वर्ध्याला ते शाळेत भूगोल शिकवायचे, आणि त्यांची स्कूटर म्हणे चौदा वर्षं नव्यासारखी होती. दर रविवारी धुवायची, तेलाच्या फडक्यानं पुसायची. खालच्या चिनी आजोबांशी त्यांची ओळखही झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी अर्धा तास गप्पा. मी ऑफिसला निघाले तर पत्र्यात माझा चेहरा दिसण्याइतकी गाडी चकचकीत. हौसेला मोल नाही.

आज जेवताना स्वतःहून दोनदा भात मागितला. मला इतकं बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या परीक्षा. टायर, दिवे, हॉर्न, चेन सगळं बघून घेतलं. ठीक. मामाजी संध्याकाळी पुन्हा खाली गेले होते. वर आले ते हात मागे लपवून, गालात हसत. म्हणाले, उद्या गाडी पाहून साहेब खूश झाला पाहिजे.

१५ सप्टेंबर, शनिवार

नापास.

 सगळं नीट लिहून काढते.

निघाले तेव्हाच पुढचा ब्रेक हलका वाटला. मला वाटलं, धुतली आहे, ओला असेल. अप्पर सेरांगूनच्या सिग्नलला दाबला — काहीच नाही! मागचा ब्रेक दाबून कशीबशी थांबले, ते पांढरी रेघ ओलांडून. समोरून बस वळत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.  तिथून पुढे गाडी ढकलतच नेली. बुद्धी शाबूत असती तर तिथूनच परत फिरले असते. पण तारीख आजची, आणि ही कधी नापास होत नाही ना!

तपासनीस पोरगेलासा. रोलरवर चाक चढवलं, ब्रेक दाबला, आकडा बघितला. "फ्रंट ब्रेक नो पॉवर, आन्टी." आन्टी! छत्तीस वर्षांची आहे मी.

तिथून ती तशीच ढकलत आमच्या हौगांगच्या मेकॅनिककडे, अंकल सेंगकडे, आणली. घामानं निथळत होते. त्यांनी पुढच्या ब्रेकच्या चकतीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि मोठ्यांदा हसले. "कोकोनट! यू मेक नासी लेमाक हिअर आह?" नासी लेमाक म्हणजे इथला नारळाच्या दुधातला भात.

मी वास घेतला. जाईच्या केसांचं खोबरेल तेल.

मामाजींनी ब्रेकच्या चकतीला तेल लावलं होतं. त्यांच्या स्कूटरला ही अशी उघडी चकती कुठे होती? चकचकीत लोखंड दिसलं, इथली दमट हवा, गंज चढू नये म्हणून चोळून चोळून लावलं असणार. परीक्षेला निघालेल्या पोराच्या डोक्यावर आई तेल थापते, तसं! मला तिथेच हसू फुटलं. आणि मग ती बस आठवली.

जाई मागे असती तर?

१५ सप्टेंबर, रात्री पुन्हा

घरी खोटं बोलले. पुढचे ब्रेक पॅड झिजले होते म्हणून नापास, असं सांगितलं. नरेश "ओह" म्हणाला, पण चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. जाई म्हणाली, "अय्यो आई, फेल आह? सो पाय-से!" इतकी लाज तर मलाही वाटली नव्हती.

मामाजी खुर्चीतून उठलेच. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, मामाजी, काल फडकं कोणतं घेतलं होतं तुम्ही? ते म्हणाले, जुनं बनियन. मी म्हटलं, बरं बरं. आता गाडी अंकल सेंगच धुतील, तुम्ही नका त्रास घेऊ. ते हो म्हणाले आणि पेपर उचलला.

नरेशला खरं सांगितलं तर तो काय करेल ते मला माहीत आहे. मायक्रोवेव्हसाठी इतका बोलला. हे ऐकून तर "तिचा जीव घेतला असतात" असं म्हणेल, आणि ते एकदा तोंडातून गेलं की मामाजी दिवाळीची वाट बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी बॅग भरतील. नाही सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१७ सप्टेंबर, सोमवार

नवे पॅड बसवले, चकती साफ केली. अंकल सेंगनी अर्धा तास घासली आणि अर्धा तास हसले.

१९ सप्टेंबर, बुधवार

नरेशनं करार काढला. रागानं नाही, प्रेमानंच. म्हणाला, "एकता, शब्द दिला होतास. मला रोज दिवसभर तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून तुझी काळजी लागते. पाऊस आला की फोन हातात घेऊन बसतो."

हे मला कधी सांगितलं नव्हतं त्यानं. भांडायची सगळी तयारी करून बसले होते, आणि तो हे बोलला! काय भांडणार?

पॅड झिजतात, त्यात गाडीचा काय दोष, असं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, पॅड झिजलेले तुला आधी कळले नाहीत, हेच तर.  खरं उत्तर आहे, आणि ते देता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

शनिवारी पुन्हा तपासणी. मग विकायची.

२२ सप्टेंबर, शनिवार

पास! ब्रेकचा आकडा मागच्या वर्षीपेक्षाही चांगला. त्याच पोरानं कागदावर शिक्का मारला आणि या वेळी आन्टी म्हणाला नाही. येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. झाडांखालून, वारा खात. शहाण्यासारखी चालत होती बिचारी.

घरी आल्यावर रडू आलं. एका गाडीसाठी! बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला कुणी विचारलं, काय आवडतं या देशात, तर मी सकाळचा तो वीस मिनिटांचा रस्ता सांगेन. त्या वेळी मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते, कुणाची सून नसते.

पण मामाजींच्या बदल्यात नाही. ते तराजूत बसले की गाडी वरच जाते. यात मला जराही शंका नाही, आणि म्हणून बरंही वाटतंय.

२५ सप्टेंबर, मंगळवार

मामाजी खाली जात नाहीत आता. गुडघा दुखतो म्हणाले. चिनी आजोबा लिफ्टपाशी भेटले, बादली धरल्याची खूण करून विचारत होते. मीही गुडघा दाखवला.

बाकी घर मजेत आहे. जाई आजोबांना कॅरममध्ये हरवते, ते हरतात की हरू देतात कळत नाही. नरेशनं नवा मायक्रोवेव्ह आणला आणि स्वतः वडिलांना बटणं समजावून सांगितली. न ओरडता! मी भाजी चिरत मुकाट्यानं ऐकत होते. मला एमआरटीचं कार्ड आणून दिलं त्यानं, आणि वर पुस्तकही — ट्रेनमध्ये वाचायला. लाच आहे, कळतं मला. पण पुस्तक चांगलं आहे.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

गिऱ्हाईक ठरलं. जुन्या गाड्यांच्या दुकानातला माणूस रविवारी सकाळी न्यायला येणार. संध्याकाळी जाईला मागे बसवून ब्लॉकभोवती एक चक्कर मारली. सावकाश. आम्ही दोघी गाणी म्हणत होतो.

जेवताना मामाजी नुसता भात चिवडत होते. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, काही नाही बाई, तू जेव.

३० सप्टेंबर, रविवार

तो माणूस खाली आला. नरेश किल्ली घेऊन दारापर्यंत गेला, आणि मामाजी त्याच्या वाटेत उभे राहिले. "थांब नरेश. त्या चकतीला तेल मी लावलं होतं. हिनं फडकं विचारलं, तेव्हाच समजलो मी. दोन आठवडे हिची गाडी हातची जाताना पाहतोय अन् बोललो नाही. तू परत पाठवशील म्हणून भ्यालो."

मी इतके दिवस समजत होते की त्यांना वाचवते आहे.

नरेश खाली गेला, त्या माणसाची माफी मागून त्याला परत पाठवलं, वर आला आणि चपलांसकट वडिलांच्या पायाशी खाली बसला. "बाबा, तुम्हाला मी परत पाठवीन असं वाटलं तुम्हाला?" एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मामाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी जाईला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.