बाळंतिणीची खोली

९ नोव्हेंबर २००६, गुरुवार

पाणी आजही मीच भरलं! धायरीत टँकर येतो सकाळी, आणि नळाला पाणी राहतं ते जेमतेम चहा उकळेपर्यंत. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टर बजावून म्हणाल्या होत्या, सिझर झालंय, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. बादली बाळापेक्षा जड असते. म्हणून तांब्या-तांब्याने पिंप भरलं. वाकलं की टाके ओढतात, सरळ झालं की जास्त ओढतात.

तेवढ्यात दिग्विजय कंपनीच्या गाडीतून उतरला. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी सोडवून आलेला. मी भरलेल्या पाण्याने अंघोळ केली, मी केलेले पोहे खाल्ले, आतल्या खोलीत गेला आणि दार लावलं. "आवाज नको गं," एवढंच म्हणाला. बाळाकडे बघितलं. हो, बघितलं, खोटं कशाला लिहू.

शेजारच्या म्हणतात, नशीबवान आहेस, नवरा दिवसभर घरी असतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

कुकरची शिट्टी काढून ठेवली. भात पातेल्यात.

११ नोव्हेंबर, शनिवार

आज त्याला सुट्टी. तरी दिवसभर झोपला. झोपेचं चक्र मोडलं की सोमवारी त्रास होतो म्हणे. पोट माझं कापलंय, आणि चक्र त्याचं मोडतंय!

आतल्या खोलीच्या खिडक्यांना त्याने काळा कागद चिकटवलाय. दाराची बेल बंद. माझा मोबाईल मुका. मी आणि पिल्लू हॉलमध्ये, दिवाणावर. तिने तोंड उघडलं रे उघडलं की मी तिला उचलते आणि संडासाच्या बाजूला नेऊन उभी राहते, म्हणजे आवाज आत जात नाही. अजून नाव नाही ठेवलं पोरीचं. बारसं त्याला रजा मिळेल तेव्हा.

रात्री बरं असतं. तो कामावर असतो. तिला हवं तेवढं रडता येतं. मलाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आईचे तीन मिस्ड कॉल. नाही केला परत.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्या जगाला माहीत आहे. माझं बीपी वाढलं, अमरावतीचा प्रवास डॉक्टरांनी नको सांगितला. मग आईनेच इकडे यायचं ठरलं. सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी, त्या आमच्या लग्नाआधीच गेल्या. मी घरी येणार त्याच दिवशी आई पोचणार होती. तिकीट काढलेलं. आणि आदल्या दिवशी फोन, "सध्या जमत नाही वं." का जमत नाही, ते नाही सांगितलं.

सांगायला कशाला हवं? वहिनीला नववा लागलाय. सून जवळची, लेक लांबची. राहा तिथेच. मला कोणी नको.

जेवताना रडू आलं. वरणात मीठ विसरले होते, चाललं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

खालचे दीनानाथकाका वर आले, हातात डबा. आईने कुरिअरने डिंकाचे लाडू पाठवलेत. कुरिअरवाल्याने बेल वाजवली, ती वाजेना, म्हणून त्यांच्याकडे ठेवून गेला. काका जन्मभर सदाशिव पेठेत राहिलेले, सरळ बोलणं त्यांना माहीत नाही. डबा दिला, बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळ रडतं ते आम्हाला खालच्या मजल्यावर ऐकू येतं. साहेबांना भिंतीपलीकडून येत नाही. कान दाखवून घ्या एकदा."

मी हसले. मग इतका राग आला की लाडू फोडताच येईना. काकांचा राग नाही. ते खरं बोलले याचा.

आईला यायला वेळ नाही, लाडू वळायला आहे!

१६ नोव्हेंबर, गुरुवार

टाक्यांच्या एका कोपऱ्यातून पाणी येतंय. रिक्षाने एकटी गेले, पिल्लू मांडीवर. फाट्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या.

डॉक्टर चिडल्या. घरी कोण असतं? नवरा असतो. मग पाणी कोण भरतं? मी पिल्लूचं टोपरं नीट केलं. म्हणाल्या, आठवडाभर पडून राहायचं, नाहीतर टाके उसवतील आणि पुन्हा भरती करून घ्यावं लागेल. शांत खोली, अंधार, वेळेवर गरम जेवण, आणि झोप.

घरी आले तर त्याच्या घोरण्याचा आवाज. शांत खोली, अंधार, वेळेवर गरम जेवण, आणि झोप! या घरात बाळंतीण कोण आहे?

१८ नोव्हेंबर, शनिवार

आईचा फोन घेतला. भांडायलाच घेतला. टाक्यांचं सांगितलं, लाडवांचं सुनावलं, वहिनीवरून वाट्टेल ते बोलले. मग ती म्हणाली, "जवाईबापूच नाही म्हणले ना वं. मी दिवसभर घरीच असतो म्हणे, सगळं मी पाहतो, तुम्ही काहाले दगदग करता. जवाई नको म्हणल्यावर म्या कसं यावं?"

तिने तिकीट रद्द केलं. लाडू तेव्हाचेच, बरोबर आणायला वळलेले.

आणि मी तिला काय काय म्हणाले. या वहीतसुद्धा.

दार ढकलून आत गेले. दिवा लावला. विचारलं. तो उठून बसला, डोळ्यांवर हात धरून. म्हणाला, "अगं, दोन खोल्यांत आणखी एक माणूस आलं असतं तर मला झोप लागली असती का? नोकरी करतोय ना मी. आणि तुझं चाललंय की नीट."

ओरडायला तोंड उघडलं, टाक्यांत कळ आली. दिवा तसाच ठेवून बाहेर आले. आईला फोन लावला. "आई, ये." एवढंच म्हणाले. उद्या निघते म्हणाली.

१९ नोव्हेंबर, रविवार

बेल चालू केली. कुकरला शिट्टी लावली.

२० नोव्हेंबर, सोमवार

आई आली. बेल वाजवून आली. पाया पडू दिलं नाही, वाकू नको म्हणाली. हातपाय धुतले, आतल्या खोलीत गेली आणि दिग्विजयची गादी स्वतः उचलून हॉलमध्ये आणली. तो मागून, पांघरूण गुंडाळून. जावयापुढे डोक्यावरचा पदर न ढळू देणारी माझी आई! पिल्लूला तिने त्याच्या मांडीवर ठेवलं.

"जवाईबापू, तुम्ही दिवसभर घरीच असता म्हणले होते. घ्या."

आत अंधार आहे. दार लावलंय. बाहेर पिल्लू रडतेय. मी झोपते.