कासवाचं वळण

प्रिय मासिंग,

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले. फोनवर तू रडत होतास तेव्हा मी नुसती हं हं करत राहिले, कारण शेजारी आब्रामकाका बसले होते. म्हणून हे पत्र.

शेवटच्या आठवड्यात बाबांची जीभ जड झाली होती. "एस्ली, कासव निम्म्यावर अडतंय गं," एवढंच सारखं म्हणायचे. मी चटईपाशी चुलीतली राख पसरून दिली. बोट न उचलता ते अर्धं कासव काढत आणि थांबत. मेल्यावर माणसाच्या वाटेत बसलेली म्हातारी वाळूत काढलेलं एका रेघेचं कासव अर्धं पुसते आणि ज्याला ते पुरं करता येत नाही त्याला गिळते, हे तुला मी सांगायला नको. आपल्या घरात ती रेघ फक्त थोरल्या मुलाला शिकवतात. म्हणजे बाबांनंतर तुलाच. तू मजुरीला गेलायस त्या मळ्यावर सहा वेळा फोन लावला. लागला नाही.

लहानपणी मी विचारलं होतं, "तिथून कुणी परत येत नाही, मग म्हातारीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली कुणी?" काका हसत म्हणाले, "शहाणे, तोंड चालवतेस तेवढा हात चालव. यामचे कंद सोल." बाबा मात्र हसले नव्हते.

रविवारी सकाळी त्यांनी माझं मनगट धरलं. "तू चोरून बघितलंयस ना?" मी हो म्हणाले. मासिंग, मी कधीच बघितलं नव्हतं. त्यांचं बोट धरलं आणि सुचेल तसं नेलं, शेपटीखालून, मागच्या पायाला वळसा घालून डोक्यापर्यंत. रेघ जुळली. मग त्यांनी तीनदा स्वतः काढलं. "हेच गं. कसा विसरलो मी?" दुपारी ते गेले.

ती पहिली गोष्टही अशीच कुणीतरी भ्यालेल्या माणसाजवळ बसून रचली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. तरी जेवताना हात थांबतो. म्हातारीने ते मानलं नसेल तर?

काकांनी राखेतलं कासव पाहिलंय. ते धाकटे, रेघ त्यांना शिकवली नाही, पण आजोबांचं पुरं झालेलं कासव त्यांनी बघितलंय. "माझ्या बापाचं असं नव्हतं. मासिंगला येऊ दे, मग बघू," म्हणाले. बाबांच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला ते सगळ्यांसमोर तुला वाळूत कासव काढायला लावतील. खाली मी माझं वळण काढलंय. तुझ्याशी जुळत नसेल तर मला कळवू नकोस. फक्त पाठ कर, आणि त्या दिवशी हेच काढ. बाबा हेच घेऊन गेलेत.

तुझीच ताई,
एस्लिन