दीपगृहांच्या नऊ तिकिटांसंबंधी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानातल्या कागदावर, माझ्याच हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहवून घेतलेले नाही; तेवढी कोणाची टाप नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सगळे धाकट्या भावाच्या नावे होते. ते मी रद्द करते.

१. दुकान, त्यातला शिकंजा, सुऱ्या, टोचे आणि कातड्याचे उरलेले तुकडे, हे सर्व माझ्याकडे बावीस वर्षे पाने शिवणाऱ्या बाईंना द्यावे. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालावा, यावरून आम्ही दोघी चार वर्षे एकमेकींशी बोलत नाही. त्या चुकीच्या आहेत. पण बावीस वर्षांत त्यांनी माझी एक सुईसुद्धा न विचारता उचललेली नाही.

२. माझा टपाल तिकिटांचा संग्रह, चौदा अल्बम, भिंग आणि दोन चिमट्यांसह भाचीला द्यावा. भाची म्हणजे त्याच धाकट्याची मुलगी. तिचा यात काही दोष नाही. गेल्या वर्षी ती या छंदाला लागली, म्हणून नवशिकीला उपयोगी चार गोष्टी इथेच लिहिते. तिकिटाला बोट लावू नये, चिमटा वापरावा. पाकिटाचा कापलेला तुकडा कोमट पाण्यात सोडून गप्प बसावे, तिकीट आपोआप सुटते. ओढाओढ करू नये. टिपकागदावर पालथे वाळवावे. कडेचे दाते वेडेवाकडे दिसले तरी कात्री लावू नये. (तिने पहिल्याच आठवड्यात सव्वीस तिकिटांची हजामत केली. मी पोट धरून हसले.) अल्बमात गोंद मुळीच नको. जुने पाकीट हाती आले तर ते अख्खे ठेवावे, तिकीट सोडवू नये. आणि शिक्का पडलेले तिकीट खराब झाले असे समजू नये. शिक्क्यात गाव असते, तारीख असते. भिंगाखाली धरून वाचावी.

ही शेवटची गोष्ट मी तिला शिकवत होते, तेव्हा समोर तिच्या बापाचा जुना अल्बम होता. कणा सुटला म्हणून तिने तो माझ्याकडे बांधायला आणला होता. "आत्या, ही बघ दीपगृहं, किती सुंदर आहेत," ती म्हणाली. अकराच्या संचातली नऊ तिकिटे होती.

३. राहते घर. हे मी माझ्या कमाईने घेतले. खालच्या मजल्यावर धाकटा माझ्या परवानगीने राहतो. हे पूर्ण घर वरील शिवणाऱ्या बाईंना मिळावे आणि धाकट्याने माझ्या मृत्यूपासून तीन महिन्यांत खालचा मजला रिकामा करावा. भाचीला देत नाही, कारण तिच्या आडून तो परत आत शिरेल.

कारण असे. पन्नास वर्षांपूर्वी एका छापखान्यातला खिळे जुळवणारा माझ्याशी लग्न करणार होता. तो कामासाठी परदेशी गेला आणि दर पत्राला दीपगृहाचे वेगळे तिकीट लावीन म्हणाला. दोन पत्रे आली. धाकट्याला ती तिकिटे हवी होती. मी पाकिटे कापू दिली नाहीत. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा घोडा होता, कुक्कुलं बाळ नव्हे. दुपारी मी कामावर, हा घरी, टपाल याच्याच हातात पडायचे. तिसरे पत्र मला आले नाही. मी तीन पत्रे धाडली: काय झाले, का लिहीत नाहीस. मग मानाने गप्प बसले. धाकटा माझ्या शेजारी बसून सांगायचा, "ताई, विसर त्याला. त्याची लायकीच नव्हती."

अल्बमातल्या नऊपैकी सात शिक्क्यांच्या तारखा स्वच्छ वाचता येतात. सगळे तो गेला होता त्याच गावचे आहेत. शेवटची तारीख माझ्या तिसऱ्या पत्रानंतर सोळा महिन्यांची आहे. एका तिकिटाखाली पाकिटाचा तुकडा राहून गेला होता, त्यावर त्याची हिरवी शाई आणि माझ्या आडनावाचे शेवटचे अक्षर. म्हणजे तो लिहीत होता. मला उत्तरे देत होता. मी चौकशी केली. तो जाऊन सहा वर्षे झाली. त्याने लग्न केले नव्हते.

धाकट्याला मी अजून एका शब्दाने बोललेले नाही. या कागदाची नक्कल त्याला आजच पोचेल. त्याने माझ्या हयातीत वर यावे आणि त्या नऊ पत्रांत काय लिहिले होते ते आठवेल तेवढे मला सांगावे. सांगितले, तर हे कलम मी रद्द करीन आणि खालचा मजला त्याचा. मला तेवढेच हवे आहे.

४. पहिली दोन पाकिटे, तिकिटांसह, माझ्या देहाबरोबर जावीत. धाकट्याच्या संचातली दोन घरे रिकामीच राहिली पाहिजेत.

साक्षीदार: कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई, समोरचे चष्मेवाले.
ठिकाण: राहते घर, वरचा मजला. तारीख: ४ मार्च.
सही: बांधणीवाली ताई

पुरवणी, तारीख १५ मार्च. साक्षीदार तेच.

धाकटा काल आला. अकरा पायऱ्या चढायला त्याला दहा दिवस लागले. खुर्ची दिली नाही. मी म्हटले, "बोल."

तो म्हणाला, "ताई, मी एकही उघडलं नाही. कोपरा कापायचो आणि बाकीचं शेगडीत टाकायचो. मला आतलं काय करायचं होतं? मला तिकीट हवं होतं."

मी विचारले, जाड होती का.

"शेवटचं होतं. कापताना कात्री अडली."

त्यानंतर तो रडला. मी त्याला रडू दिले आणि मग जायला सांगितले. तो खरे बोलला, हे मला पटले. त्याने जन्मात काही वाचलेले नाही. म्हणजे त्या पत्रांत काय होते हे जाणणारे माणूस आता जगात कोणी उरले नाही, आणि मीही ते न कळताच जाणार.

अट पुरी झालेली नाही. कलम तीन कायम. खरे सांगितल्याबद्दल काही देणे लागत नाही. मुदत तीन महिन्यांऐवजी एक महिना करावी. आणि मी शेवटी त्याला क्षमा केली, असे माझ्या पश्चात कोणी, विशेषतः त्याने स्वतः, चारचौघांत सांगितले, तर ते खोटे समजावे.

सही: बांधणीवाली ताई