घागरमोर्चाचा उरलेला वृत्तांत

लातूर,
मंगळवार, ता. ३ मे १९८३

तीर्थस्वरूप सिद्धराममामा यांना शिवकांताचा शरणार्थ.

आपण रक्तदाबासाठी नांदेडला विश्रांती घेत आहात, असं मामींकडून कळलं. आता आराम पडला असेल अशी आशा आहे. (भेटायला येणारे अर्धापूरची केळी आणत असतील. ती खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) गुरुवारी आपण मोर्चा अर्ध्यात सोडून नांदेडकडे जाणाऱ्या लोह्याच्या एसटीत बसलात, त्यामुळे पुढचं आपल्याला नीटसं माहीत नसणार. डॉक्टरांनी वाचन बंद केलं असेल तर एवढं वाचून थांबता यावं, म्हणून आधी थोडक्यात लिहिते.

१. तांबळगावात चालू स्थितीतले सरकारी हातपंप दोन. दोन्ही खाजगी भिंतींच्या आत.
२. पहिला व्यंकटरावांच्या आवारात. व्यंकटराव सत्ताधारी पक्षाचे.
३. तो मोकळा करावा म्हणून विरोधी पक्षातर्फे आपण घागरमोर्चा काढला.
४. व्यंकटरावांच्या दारात बायकांनी रिकाम्या घागरी फोडल्या. त्यातली एक भरलेली निघाली.
५. ती मामींची होती.
६. मोर्चा वळला. दुसरा पंप आपल्या गोठ्यात सापडला.

आता तपशील. आधी माझ्या हजेरीबद्दल, कारण मामी म्हणाल्या की आपला राग मुख्यतः त्यावर आहे. मी आपणहून आले नव्हते. ‘पंपाच्या पंचनाम्याला कोणत्याही पक्षाची भीड न ठेवणारा अधिकारी पाठवावा’ असा अर्ज आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात आपणच दिला होता आणि त्याखाली माझं नाव सुचवलं होतं. (साहेबांनी विचारलं, नातं आहे का? मी म्हटलं, सख्खे मामा आहेत. ते जरा घुटमळले. पण आपला नवा जिल्हा अजून वर्षाचाही नाही. उस्मानाबादेहून खुर्च्या आल्यात, त्यांवर बसणारे यायचेत. पाठवायला दुसरं कुणी नव्हतं.) आपण अर्जात मागितलं तेच आलं. सरकारी कामात असं क्वचित घडतं, त्यामुळे आपण गोंधळला असाल तर ते मी समजू शकते.

मोर्चाची आपली तयारी चांगली होती, हे मी पंचनाम्यात लिहिलं नसलं तरी इथे लिहिते. खालच्या वस्तीतल्या बायका गेले दोन महिने नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. एक घागर भरायला सकाळ जाते आणि मग कामाचा रोज बुडतो. त्यांना चिडवायला भाषणाची गरज नव्हती. तरी आपण बैलगाडीवर उभं राहून ते केलंत. त्यांच्यातल्या भामाबाईंना आधी नुसतं ‘व्यंकटराव मुर्दाबाद’ एवढंच येत होतं. आपण त्यांना थांबवून समजावलंत की नाव घेऊ नका, तत्त्व घ्या, आणि तीन दिवस मारुतीच्या पारावर बसवून पाठ करून घेतलंत: ‘पक्ष कोणताबी असो, पंप गावाचा!’ या दूरदृष्टीचा फायदा पुढे झाला. मोर्चा आपल्या घराकडे वळला तेव्हा बायकांना घोषणेतला एक शब्दही बदलावा लागला नाही.

आता घागरीचं. पुढारी म्हणून आपण सगळ्यांना ‘रिकामी घागर घेऊन या’ असं सांगितलं होतं. घरी तेच सांगायचं राहिलं, किंवा सांगितलं पण मामींनी ऐकलं नाही. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. चांगल्या कामाला निघताना रिकामं भांडं घेऊन उंबरठा ओलांडायचा नाही, हे मामी जन्मभर पाळत आल्यात, आणि नवऱ्याच्या मोर्चाहून चांगलं काम ते कोणतं? त्यांनी घागर काठोकाठ भरली, वर हळदकुंकू लावलं आणि पहिल्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. आपण ‘फोडा!’ म्हणालात. चाळीसेक घागरी खळ्ळकन फुटल्या. चाळिसावीनंतरची एक धप्पकन फुटली आणि व्यंकटरावांच्या पायरीवरून पाणी वाहत खाली आलं.

मामा, मी नांदेडच्या तंत्रनिकेतनात तीन वर्षं पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास केला. पण एवढ्याशा पाण्यानं एवढी माणसं गप्प झालेली कधी पाहिली नव्हती. बायका पाण्याकडे बघत होत्या. मग मामींकडे. मग (मी मुद्दाम नोंदवते) आपल्याकडे. पण तोवर आपण गाडीवरून उतरला होतात. पहिल्या बोलल्या त्या भामाबाई.

“काकू, तुमच्या घागरीला घाम आलता का काय?”

मामींनी सरळ सांगितलं, “आगं, रिकामी घागर डोक्यावर घिऊन सवाष्णीनं भाईर पडावं व्हय? भरूनच आणली की.”

“पर कुठनं भरली?”

“घरातनं. आन् कुठनं?”

त्यानंतर शोध लावायला माझी गरजच उरली नाही. काठोकाठ भरलेली घागर हिंदकळते. आपल्या फाटकापासून व्यंकटरावांच्या दारापर्यंत धुळीत थेंबांची रांग पडली होती. बायका ती उलट्या दिशेनं चालत गेल्या. मी आणि आमचा पंप मेकॅनिक निजामोद्दीन टेप घेऊन मागे. गोठ्यात पत्र्याखाली, कडब्याच्या गंजीआड, पंप गोणपाट नेसून उभा होता. (निजामोद्दीन त्याला बघून म्हणाला, “अरे, इसकू तो मैंच बिठाया था!” त्यानं तो बसवला तेव्हा तिथे शाळेसमोरचं मैदान होतं. म्हणजे पंप हलला नाही. शंभर-दीडशे फूट खोल गेलेली वस्तू चालत गोठ्यात येत नाही. भिंत चालत गेली.)

मामींना मात्र लपवण्यासारखं काही आहे, हेच माहीत नव्हतं. “हे म्हनले हुते, ह्यो पक्षाचा पंप हाय,” त्या मला म्हणाल्या. “मग पक्षाच्या मोर्चाला पक्षाचं पानी नेलं, तर काय चुकलं गं पोरी?” उत्तर भामाबाईंना सुचलं, पण ते मोठ्यानं वाचलं जाण्याची शक्यता असल्यामुळे लिहीत नाही.

एवढ्यात व्यंकटराव आले. सकाळपासून दार लावून बसलेला माणूस धोतराचा सोगा सावरत आला, बायकांच्या पुढे उभा राहिला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला, “पक्ष कोणताबी असो, पंप गावाचा!” आपली घोषणा सत्ताधाऱ्यांनीही स्वीकारली, हे वाचून आपल्याला समाधान वाटावं. ते मला म्हणाले, भाचीबाई, नातं बघू नका, आत्ताच्या आत्ता ही भिंत पाडा, मी टिकाव देतो. निजामोद्दीननं अदबीनं विचारलं, “हौ साब. और आपकी कब तोडना?” तेव्हापासून व्यंकटरावांनाही रक्तदाब आहे.

मग नेहमीचा प्रश्न आला: आधी कुणाची? आपले कार्यकर्ते म्हणाले, व्यंकटरावांचा गुन्हा जुना, त्यांची आधी. त्यांचे म्हणाले, तुमचा ताजा, तुमची आधी. माझ्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंना न्याय हवा आहे, फक्त दुसऱ्यापासून सुरुवात करून. दोघांचं ऐकलं तर पाऊस येईपर्यंत एकही वीट हलणार नाही. म्हणून मी दोन्ही भिंतींवर चुन्याची सारखीच खूण करून ठेवली आहे, सहा फूट रुंद. शनिवारी दोन्ही एकाच वेळी उघडतील. एकीकडे मी, दुसरीकडे निजामोद्दीन. खुणांत अर्ध्या इंचाचाही फरक नाही. आपण येऊन मोजू शकता.

घरचं सगळं ठीक आहे. आई आपली आठवण काढते. ती म्हणते, मामाच्या घराची भिंत पाडणारी मुलगी सून म्हणून कोण करून घेईल? मी म्हटलं, व्यंकटरावांच्या पक्षात विचारून बघू. ती हसली नाही.

आपली आज्ञाधारक (अर्जानुसार),
शिवकांता

ता. क. १. मामींची काळजी नसावी. आपला गडी मलप्पा सकाळी ‘मालकाचा हुकूम हाय’ म्हणून गोठ्याला कुलूप लावतो, मामी दुपारी काढतात, मलप्पा संध्याकाळी पुन्हा लावतो. वस्तीला त्यामुळे फक्त दुपारी पाणी मिळतं, तेही रांगेतल्या पुढच्यांना. भामाबाईंचा नंबर अजून लागलेला नाही.

ता. क. २. निजामोद्दीनचा मेहुणा मोहियोद्दीन आपण उतरलात त्या लॉजखाली चहाचं हॉटेल चालवतो. तो सांगतो की आपल्या खोलीत रोज दोन बिनसाखरेचे चहा जातात आणि दुसरा व्यंकटराव पितात. दोघं मिळून आमच्या नांदेडच्या वरच्या साहेबांच्या बंगल्यावर एकच अर्ज घेऊन गेला होतात, हेही कळलं. माझी बदली गडचिरोलीला करावी, असा तो आहे. जिल्हा झाल्यापासून दोन्ही पक्षांचं ज्यावर एकमत झालं, असं माझ्या माहितीतलं हे पहिलंच काम. माझ्यासाठी आपण आजवर एवढी धावपळ कधी केली नव्हती. फक्त एक अडचण आहे. आमचे हुकूम अजून आधी जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेला जातात आणि तिथून फिरून लातूरला येतात. आजच सही झाली तरी तो माझ्या हाती शनिवारनंतरच पडेल. तोवर मी इथे आहे.

ता. क. ३. आपण दोघं एकत्रच आहात तर काम सोपं आहे. एका कागदावर ‘भिंत उघडण्यास हरकत नाही’ एवढं लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. मग शनिवारी आपलेच गवंडी काम करतील. नाहीतर मी पोलीस आणि आमचे मजूर आणते. बदलीचा अर्ज मागे घेण्याची गरज नाही. हे पत्र निजामोद्दीनच्या हाती देत आहे. तो मेहुण्याकडे थांबेल. उत्तर शुक्रवारी, ता. ६ रोजी, दुपारच्या एसटीपूर्वी त्याच्याकडे द्यावं.