पाठपोटाचे दुखणे

दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
उत्तर उपनगर चाळघर मंडळ,
बोरिवली (पश्चिम), मुंबई.

विषय : संगणकाची प्रणाली बदलल्यापासून प्रिंटरची पाठपोट छपाई बंद असल्याबाबत. (अर्जदाराची पाठ व पोट ठीक आहेत.)

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. ३ नोव्हेंबर. २) आरोग्य कक्षाचे प्रमाणपत्र, दि. ६ नोव्हेंबर.

महोदय,

१. अर्जदार मालन परब ही या कार्यालयात एकवीस वर्षे लिपिक-टंकलेखक आहे. दहिसरच्या चाळीतील बासष्ट कुटुंबांची नव्या खोल्यांसाठीची पात्रता पत्रे छापण्याचे काम तिच्याकडे आहे. कागदाच्या पुढे नाव व खोली क्रमांक, मागे फोटो व शिक्का, आणि हे सारे एकाच कागदावर, असा आपलाच दंडक आहे. दुसरे पान जोडलेले पत्र खिडकीवर घेत नाहीत. शेवटची तारीख येता शुक्रवार. त्या दिवशी ज्याच्या हाती पत्र नसेल, त्याची खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाईल.

२. दि. १ रोजी संगणक कक्षाने नवी प्रणाली चढवली. प्रिंटर तोच, वायर तीच. परंतु सोमवारी पाहते तो दोन्ही बाजूंनी छापण्याचा पर्यायच गायब! ट्रे निवडायची सोयही गेली. अर्जदाराने संगणक दोनदा बंद-चालू केला, प्रिंटर काढून पुन्हा जोडला, देवाचे नावही घेतले. ढिम्म.

३. तेव्हा तिने संगणक कक्षास रीतसर कळवले, ‘नवीन प्रणाली आल्यापासून पाठपोट बंद आहे, फार त्रास होतो, तातडीने पाहावे.’ तेथील श्री. यज्ञेश दळवी यांनी ही तक्रार आरोग्य कक्षाकडे धाडली. डॉक्टरीणबाईंनी अर्जदाराची पाठ ठोकली, पोट दाबले, रोज ताक प्यायला सांगितले आणि लिहून दिले, ‘पाठ व पोट निरोगी. बैठ्या कामास योग्य.’ त्यावर संगणक कक्षाने ‘समस्येचे निवारण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. महोदय, मराठीत लिहिले हाच अर्जदाराचा गुन्हा असेल तर तसे स्पष्ट कळवावे. आता बोलायचे तरी कोणाला!

४. अर्जदाराने गठ्ठा हाताने उलटून छापून पाहिले. यंत्राने क्रम फिरवला आणि श्री. लवू तावडे यांच्या नावामागे श्रीमती सुगंधा राणे यांचा फोटो उमटला. तावडे वहिनी तेव्हापासून नवऱ्याशी बोलत नाहीत. पुन्हा प्रयत्न केला तर कागद अडकून फाटले. पुढची बाजू छापलेले, मागे कोरे असे क्रमांक घातलेले कागद आता बरोबर बासष्टच उरले आहेत. म्हणजे एकही वाया घालवायची सोय नाही.

५. श्री. धाकू सावंत, वय एक्याऐंशी, हे यादीत पहिले आहेत. गिरणी बंद झाल्यापासून ते या खोलीची वाट पाहत आहेत. त्यांच्या पत्राची पुढची बाजू छापून तयार आहे, मागची नाही, एवढे अर्जदाराने त्यांना सांगितले होते. तेव्हापासून ते रोज दहिसरहून येतात आणि खिडकीत तोंड घालून विचारतात, “बाये, माझी पाठ इली काय गो?” अर्जदार मान खाली घालते. तिला लाज वाटते, हे ती येथे लेखी नमूद करते.

६. सबब विनंती की, प्रिंटरच्या मूळ कंपनीचा ड्रायव्हर उद्याच संगणकावर बसवावा. (‘ड्रायव्हर’ वाचून हा अर्ज वाहन कक्षाकडे पाठवू नये.) तेही जमणार नसेल, तर बासष्ट पत्रांच्या मागच्या बाजूस हाताने फोटो चिकटवून शिक्का मारण्याची लेखी परवानगी आजच द्यावी. अर्जदार शुक्रवारपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. तिची पाठ तेवढी टिकेल, असे आपल्याच डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

पाठ न दाखवणारी, आपली नम्र,
(सही)
मालन परब
लिपिक-टंकलेखक

सोबत : पाठ व पोट निरोगी असल्याचे प्रमाणपत्र, एका बाजूने छापलेले.