दही फासलेली करवली

सृष्टे,

मी विरजलेलं दही तू चेहऱ्याला फासलंस, मसुराचं पीठ गालाला चोपडलंस, आणि क्लासच्या डब्यातली भाकर तशीच परत आणलीस. खायचं ते वरून लावून राहिलीस अन् पोट उपाशी! अशानं पुटकुळ्या जातील होय?

मी सकाळच्या गाडीनं लोह्याला पुढं चालले. संध्याकाळी तुझ्या चुलतभावाची, सुदर्शनची हळद हाय. "आजी, असलं तोंड घेऊन मी करवली होणार न्हाई, सगळे फोटो काढतात," म्हणालीस. तुझी काकू लगेच तिच्या भाचीला उभी करायला निघाली. मी तिला फोनवरच गप केलं.

टोपल्यात भाकर हाय, मेथीची भाजी, जवसाची चटणी. वाटीत दही हाय, ते खायचं, कळलं का? पंचाहत्तरी आली तरी माझ्या गालाकडं बाया वळून बघतात. क्रीमची डबी कधी उघडली न्हाई मी. हा गाल जवसावर अन् पालेभाजीवर पोसलाय. तुझ्या पुटकुळ्या वयाच्या हायत, डॉक्टरीणबाई बी तेच म्हणाल्या. पोटभर खात जा, हळूहळू जातील.

जेवून दुपारची गाडी धर. तोंडाला बांधायचा तो स्कार्फ घरीच राहू दे.

तू झोपली होतीस, तरी तुझ्या उशाशी उभी राहून मोठ्यानं बोलले, तेच इथं लिहिते: "सृष्टे, नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायला पायात बळ लागतं, अन् माझ्या घरात करवली एकच हाय."