माझ्यापाशी एक ओळ नाही

४ मार्च
आजही गायली! सकाळी उठून भांडी घासायला लागली की सुरूच. स्तुती, धन्यवाद, परत स्तुती. मी चहाचा कप घेऊन मागे उभा, पण वळून बघेल तर शपथ. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यावर एक ओळ नाही. निदान ‘केस बरे कापता’ एवढं तरी म्हणावं.
शेजारचा कुणी असता तर बघून घेतलं असतं. हा तर देव! कुणाला सांगायचीही सोय नाही.

५ मार्च
चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले होते, केस कापायला. आरशातून म्हणाले, तुमच्या मिसेसनी गीत उचललं की मंडळीतले पेंगणारेसुद्धा उठून उभे राहतात. मी म्हटलं, वा. आणि मशीन जरा जास्तच फिरवलं. कानामागे चांगलाच पांढरा पट्टा उमटलाय. रविवारी सगळ्यांना दिसणार. बरं झालं. — नाही, बरं नाही झालं.
पूर्वी मीही तिच्या शेजारी उभा राहून गायचो. गेल्या वर्षी लेक तापानं गेली आणि माझं तोंडच बंद झालं. देवाकडेच मागितली होती, त्यानंच नेली. आणि ही त्याचंच गाते! माझ्यासमोर लेकीचं नावसुद्धा काढत नाही. जे काही आहे ते त्याच्यापाशी. मग मी कोण, भाडेकरू?

७ मार्च
डोकं दुखतंय. ती गातेय.

९ मार्च
आज नको ते बोललो. शनिवारची गर्दी, उभं राहून पाय भरून आलेले. घरी आलो तर ही ओट्याशी, तेच गाणं. म्हटलं, “ज्यानं पोर नेली त्याची स्तुती करताना लाज नाही वाटत?”
तिनं नळ बंद केला. हात पुसले. मला वाटलं रडेल.
“गाते म्हणून सकाळी उठता येतं मला,” म्हणाली. “तुम्ही तर बोलतच नाही. मी कुणापाशी जाऊ?”
मी पेपर उघडून बसलो.

१० मार्च
रविवार. उपासनेला गेली नाही.

१२ मार्च
जिंकलो की मी! घरात आता नुसता भांड्यांचा आवाज. चहा हातात देते, माझ्याकडे बघतेही. हेच तर हवं होतं ना? बघवत नाही तिच्याकडे.
पाळकसाहेब दुकानात डोकावून चौकशी करून गेले. तिचा घसा बसलाय म्हणून सांगितलं.
दुपारी गिऱ्हाइकाच्या दाढीला साबण लावता लावता आठवलं — लेकीला झोपवतानाही ती हेच गायची. पोरीला धीर कुठला! पुढची ओळ आधीच म्हणून मोकळी व्हायची, आणि मग आम्ही दोघं तिच्या मागून धावायचो. मी हे विसरलोच होतो. त्या गाण्यात तिला रोज लेक ऐकू येत असणार. आणि मी तेच बंद केलं.

१४ मार्च
आज तिच्या आधी उठलो. भांडी मी घासायला घेतली आणि गाणं सुरू केलं. आवाज फाटका, निम्मे शब्द विसरलेले. लेक जिथं घाई करायची तिथं मीही पुढची ओळ आधीच म्हणून गेलो. मागून तिनं ती ओळ धरली. संपेपर्यंत गायलो दोघं.
मग तिनं लेकीचं नाव घेतलं. माझ्यापाशी.